एका मनुकेचं जेवण

मी माझ्या मुलीला उपाशी ठेवते, ही गोष्ट आमच्या इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त दोघींना. मला आणि माझ्या मुलीला.

माझी बाजू कुणी विचारली नाही, म्हणून मीच ती मांडते आहे. माफी वगैरे मागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना माफीची अपेक्षा असेल त्यांनी समोरच्या काकूंकडे जावं. त्यांच्याकडे माझ्याविषयी सगळंच तयार असतं.

वर्षअखेरची सुट्टी जवळ आली होती. सुट्टी म्हणजे विश्रांती, असं कॅलेंडर छापणाऱ्यांना वाटतं. आमच्याकडे सुट्टी म्हणजे खाणं. कुणाकडे जाऊन खाणं, कुणी आलं म्हणून खाणं, कुणी येणार होतं आणि आलं नाही म्हणून उरलेलं खाणं. त्यात घरातल्या आईचं पद सगळ्यांत वाईट. मुलांनी अर्धवट टाकलेला केक, नवऱ्याने ‘जास्त झालं’ म्हणून सरकवलेला भात, पाहुण्यांनी भीड म्हणून ठेवलेला शेवटचा तुकडा, हे सगळं अखेर तिच्याच पोटात जातं. घरात एक कचरापेटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असते आणि दुसरी ओट्यापाशी उभी असते. पहिलीला निदान झाकण असतं.

पण माझं सोडा. मुद्दा भिंगरीचा होता. भिंगरी म्हणजे माझी मुलगी. पाच वर्षांची आहे आणि एका जागी ठरत नाही, म्हणून हे नाव. मागच्या सुट्टीत एका लांबच्या आत्याने तिला मांडीवर घेतलं होतं. भिंगरीचा एक गाल केकने फुगलेला, दोन्ही डोळ्यांतून पाणी, आणि आत्या चमचा पुढे करून म्हणत होती, “एवढा शेवटचा हं, माझा म्हणून.” ती रडत होती आणि चावतही होती. भोवतालची मंडळी कौतुकाने हसत होती, आणि खरं सांगायचं तर मीही हसत होते, कारण आत्या वयाने मोठी होती. ते दृश्य माझ्या डोक्यातून वर्षभर गेलं नाही. पोट या मुलीचं, ते भरलं की नाही हे ठरवणार आत्या! या सुट्टीत असं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं.

मी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अर्धा दिवस काम करते. काचेसारख्या स्वच्छ पाण्यात काय काय पोहत असतं हे रोज बघणाऱ्या बाईकडून निर्धास्तपणाची अपेक्षा कुणी करू नये. कुठलीही गोष्ट शांतपणे, नीट निरखून बघायची, ही सवय मला पगारासकट लागलेली आहे. त्यामुळे लक्ष देऊन, बेताने कसं खावं यावरचा एक लेख वाचनात आला तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. ताटली लहान घ्या. घास घेतला की चमचा खाली ठेवा. आणखी हवं असेल तर आधी पोटाला विचारा. आणि सुरुवात म्हणून एक मनुका घ्या, तिच्याकडे बघा, तिचा वास घ्या, मग सावकाश खा.

मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि प्रत्येकापुढे एकेक मनुका ठेवली.

“आता हिच्याकडे बघा,” मी म्हणाले.

“कुणाकडे?” नवऱ्याने विचारलं. त्याच्यापुढे मनुका नव्हती.

“तुझी कुठे गेली?”

“खाल्ली. का, खायची नव्हती?”

त्याला दुसरी दिली. सासूबाई चष्मा पुसून आपल्या मनुकेचं निरीक्षण करत होत्या. “ही एकटीच का गं? हिची बाकीची भावंडं कुठे आहेत?”

“आई, एकच घ्यायची असते. तिच्यावरच्या सुरकुत्या बघायच्या.”

“सुरकुत्या बघायला मला मनुका कशाला हवी?” सासूबाई म्हणाल्या आणि आरशाच्या दिशेने हात केला. तेवढ्यात दुसरी मनुकाही नवऱ्याने गिळली होती. तो म्हणाला, आपण बोलत होतो म्हणून हात आपोआप गेला. या माणसाचा हात आणि तोंड यांच्यात एक खाजगी करार आहे. मेंदूला त्यात घेतलेलं नाही.

एकट्या भिंगरीने सगळं मनापासून केलं. मनुका तळहातावर घेतली, नाकाशी नेली, कानाशीही नेली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आई, ही झोपली आहे. मी हिला नाही खाणार.” त्यानंतर साधं जेवण झालं. तिने एक वाटी सूप आणि पाव संपवला, पोटावर हात ठेवून थोडा वेळ ऐकलं आणि जाहीर केलं, “पोट म्हणतंय, बास.” ती उठली आणि खेळायला गेली. कुणी तिच्यामागे चमचा घेऊन धावलं नाही. मला इतका आनंद झाला की सासूबाई “हे काय जेवण झालं?” म्हणाल्या तेही मी सोडून दिलं.

इथवर सगळं चोख होतं. पुढे जे झालं त्यात माझी चूक एवढीच, की ती न खाल्लेली मनुका कुठे गेली हे मी विचारलं नाही.

ती डब्यात गेली. सकाळी मी पाव, चीज आणि सफरचंदाच्या फोडी भरून डबा दप्तरात ठेवला. भिंगरीने तो हळूच उघडून कोपऱ्यात मनुकेला निजवलं. शाळेच्या बसमध्ये मैत्रिणीबरोबर पाव, चीज आणि सफरचंद संपलं. मनुका झोपलेली असल्यामुळे तिला कुणी हात लावला नाही. मधल्या सुट्टीत वर्गातल्या बाई डबे बघत फिरत होत्या आणि माझ्या मुलीने मोठ्या ऐटीत झाकण उघडलं.

पुढचा संवाद मला नंतर शाळेत शब्दशः ऐकवण्यात आला.

“बाळा, डब्यात हे एवढंच?”

“ही खायची नाहीये. बघायची आहे.”

“कोण म्हणालं?”

“आई. काल रात्री आम्ही सगळे बघत बसलो होतो. बाबांनी खाल्ली तर आई ओरडली.”

“आणि पोट भरलं नाही तर?”

“पोट गच्च भरायच्या आधीच थांबायचं. चमचा खाली ठेवायचा.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आमच्या घरावर आलेलं बालंट माझ्या मुलीच्या खरेपणामुळे आलं, हे मी आजही अभिमानाने सांगते.

आमच्या समोरच्या काकू त्याच शाळेच्या ग्रंथालयात काम करतात. पुस्तकं परत यायला तिथे महिना लागतो, पण बातमी त्याच दिवशी घरपोच होते. संध्याकाळी जिन्यात त्यांनी माझा हात हातात घेतला. “अगं, काही अडचण असेल तर सांग हो. आम्ही परके का?”

मला वाटलं, गॅस संपल्याचं विचारत असतील. मी म्हणाले, “नाही काकू, मी हे सगळं ठरवूनच करतेय.”

काकूंचा चेहरा पडला. ठरवून!

त्यानंतर भिंगरी घरी जेवेनाशी झाली. म्हणजे ताटावर बसायची, दोन घास घ्यायची, पोटावर हात ठेवायची आणि म्हणायची, “बास.” पहिल्या दिवशी मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी विचारात पडले. मग माझी झोप उडाली. आपण मुलीच्या मनात अन्नाविषयी काही भलतंच तर भरवलं नाही ना? तिला उताणं झोपवून मी तिच्या फासळ्या तपासल्या. फासळ्या हाताला लागत नव्हत्या, पण तेवढ्याने काय होतं? पाणीही वरून स्वच्छच दिसतं.

“तूच शिकवलंस ना पोटाला विचारायला?” सासूबाई म्हणाल्या. “आता ते तुझंसुद्धा ऐकत नाही.”

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या पोटावर बोटांनी वाजवून बघितलं. त्यांना नगाऱ्यासारखा काहीतरी आवाज ऐकू आला असावा, कारण ते थांबून माझ्याकडे बघू लागले. “हिला एवढं काय खायला घालता? जरा हात आखडता घ्या.”

“डॉक्टर, ही काहीच खात नाही.”

“सगळ्या आया असंच म्हणतात,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. आयुष्यात एका माणसाने मला जास्त खाऊ घालणारी आई म्हटलं, तेही मी कुणाला सांगू शकले नाही. परतताना फाटकाशी काकू भेटल्या. दवाखान्याची पिशवी त्यांनी पाहिली. रात्रीपर्यंत सगळी इमारत म्हणत होती, बघा, अखेर डॉक्टरकडे न्यावंच लागलं.

याच सुमारास सेक्रेटरींचं प्रकरण घडलं. आमच्या इमारतीचं वर्षअखेरचं एकत्र जेवण तळमजल्याच्या सभागृहात होतं. तिथल्या ताटल्या परातीएवढ्या. त्यात नेहमीएवढं वाढलं तर यजमानाला अपमान झाल्यासारखं वाटतं, म्हणून दुप्पट वाढतात. यंदा ताटल्या जरा लहान आणाव्यात, अशी विनंती मी बातमी पसरण्याच्या आधीच करून बसले होते.

सेक्रेटरी तेव्हा म्हणाले होते, “मॅडम, ताटलीचा आकार हा धोरणाचा विषय आहे. सध्याच्या ताटल्या ठरावाने घेतलेल्या आहेत. आकार बदलायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल.”

“मग निदान मुलांसाठी?”

“मुलांची ताटली वेगळी, अशी तरतूद नाही. बघतो.”

त्यांनी बघितलं. बातमी पसरल्यावर फलकावर सूचना लागली: ‘काही मुलांची विशेष परिस्थिती लक्षात घेऊन मुलांनाही मोठ्याच ताटल्या देण्यात येतील व आग्रहाने वाढण्यात येईल.’ मी ती सूचना दोनदा वाचली. शेजारी चौथ्या मजल्यावरचे ऑडिटर काका उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून घसा साफ केला. “तुम्ही तोललं होतंत का? तिचं वजन? मी आणून देऊ का काटा?” मी म्हणाले, “नको, आभारी आहे.” ते म्हणाले, “काटा चांगला आहे. पोस्टात चालायचा.”

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी शाळेने बोलावलं. तिथे मला तो शब्दशः संवाद ऐकवला गेला. मग समुपदेशक बाईंनी टेबलावर प्लास्टिकची छोटी पिशवी ठेवली. आत मनुका होती. वर चिकटपट्टीवर इयत्ता आणि तारीख लिहिलेली. नमुना कसा ठेवावा याचा तो आदर्श होता. प्रयोगशाळेतले आमचे शिकाऊ इतकं नीट कधी लिहीत नाहीत. हे मी बोलूनही दाखवलं. ते बोलायला नको होतं.

“उद्या संध्याकाळी आम्ही घरी भेट देऊ,” बाई सौम्यपणे म्हणाल्या. “मुलगी जेवते कशी, एवढंच बघायचं आहे. नेहमीसारखंच असू दे सगळं.”

नेहमीसारखं! मी घरी आले आणि सगळी तत्त्वं फडताळात ठेवून कुलूप लावलं. लाज वाटते सांगायला, पण मी घाबरले होते. माझी मुलगी माझ्याकडे नीट वाढते की नाही हे परका माणूस ठरवणार होता, आणि त्याला पटवायचा मला एकच मार्ग दिसत होता: भरलेलं टेबल. मी आणि सासूबाई सकाळपासून लागलो. भाजलेले बटाटे, दोन तऱ्हेचा भात, सूप, पाव, सुक्या मेव्याचा केक आणि चॉकलेटचा केक. सासूबाईंनी मोठ्या ताटल्या माळ्यावरून काढल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जुनं राज्य परत मिळाल्याचं तेज होतं.

“भिंगरी,” मी तिला न्हाऊ घालताना म्हणाले, “आज बाईंसमोर ताटात वाढू ते सगळं खायचं हं.”

“पोटाला विचारून?”

“आज नको विचारू.”

तिने माझ्याकडे बघितलं. माझं मलाच वाटलं की आता माझ्या हातात चमचा आहे आणि मी म्हणतेय, एवढा शेवटचा हं, माझा म्हणून. मला त्या आत्याचं तोंड आठवलं. तरीही मी शब्द मागे घेतला नाही. टॉवेल घेतला आणि तिचे केस पुसत राहिले.

बाई आल्या. त्यांच्यामागोमाग काकू आल्या, हातात झाकलेला वाडगा. “मला कळलं बाई येणार आहेत, म्हटलं रिकाम्या हाताने कसं यायचं.” ऑडिटर काका बिस्किटांचा डबा आणि वजनकाटा घेऊन आले. सेक्रेटरी आले, ते इमारतीच्या वतीने. बसायला खुर्च्या कमी पडल्या, म्हणून सगळ्यांच्या हातात भरलेल्या ताटल्या आल्या. सगळ्यांत भरलेली ताटली बाईंची, कारण त्यांना मी वाढलं, मग सासूबाईंनी वाढलं, मग काकूंनी “माझंही घ्या” म्हणून वाढलं. ताटलीआडून त्यांचा चष्मा तेवढा दिसत होता.

बाईंनी ताटली मांडीवर टेकवली आणि मनुकेची पिशवी उघडून टेबलावर मनुका ठेवली. “आपण इथून सुरुवात करू या. बाळा, ही तू डब्यात—”

मनुका नव्हती. आम्ही सगळे नवऱ्याकडे बघायला लागलो. तो चावायचा थांबला.

“पुरावा होता तो,” बाई म्हणाल्या.

“सॉरी. हात आपोआप गेला.”

“बघा,” काकू बाईंना म्हणाल्या, “बिचारे तेही भुकेलेले असतात.”

कसला भयंकर अपमान! घरात दोन तऱ्हेचा भात असताना नवरा पुराव्यावर जगतो, अशी नोंद व्हायची वेळ आली. मी घाईघाईने चॉकलेट केकचा तुकडा भिंगरीपुढे ठेवला. तिने तो आधी नीट बघितला. वास घेतला. मग डोळे मिटून पहिला घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. असा केक खाताना मी कुणालाच बघितलं नव्हतं. ओठाला लागलेलं चॉकलेट तिने जिभेने शोधलं, हसली, पुन्हा चमचा उचलला. तुकडा संपला. काकूंनी लगेच दुसरा वाढला.

“खा हो बाळा. घाबरू नकोस. आज कुणी काही म्हणणार नाही.”

“खा, खा,” ऑडिटर काका म्हणाले. सेक्रेटरींनीही आग्रह केला, इमारतीच्या वतीने.

भिंगरीने पोटावर हात ठेवला, मग सकाळचं आठवून काढून घेतला, आणि माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि हात चमच्याकडे निघाला होता. बाईंनी वही उघडली. मला फक्त मान हलवायची होती. खा, एवढं म्हटलं असतं तर मी चांगली आई ठरले असते, कागदोपत्री.

“भिंगरी,” मी म्हणाले, “पोटाला विचार.”

तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि बराच वेळ ऐकलं. “ते म्हणतंय, कधीचं बास. दुपारी काकूंकडे केक खाल्ला ना. मग ऑडिटर आजोबांकडे बिस्किटं. मग खाली सेक्रेटरी काकांनी चॉकलेट दिलं आणि म्हणाले, आईला सांगू नको.”

सेक्रेटरी छताकडे बघू लागले.

“रोज?” मी विचारलं.

“रोज. मी म्हणते पोट नको म्हणतंय. ते म्हणतात, खा गं, तुझ्या घरी मिळत नाही.”

म्हणजे हे होतं माझ्या मुलीचं उपाशी राहणं! डॉक्टरांनी वाजवलेला तो नगारा सगळ्या इमारतीने मिळून भरला होता. मी उठले. माझा आवाज मोठा झाला हे मान्य आहे. तो कमी करण्याची माझी इच्छा नव्हती, आजही नाही.

“ऐका सगळ्यांनी. हिला भूक लागली की मी जेवायला देते, आणि भूक संपली की थांबू देते. तुम्हाला हिचं पोट बघायचं असेल तर बघा, पण त्याच्या वतीने बोलू नका. काकू, तो तुकडा उचला. आणि काका, तो काटा तुम्ही स्वतःसाठी वापरा.”

“अगं, आम्ही प्रेमानेच—” काकू म्हणाल्या.

“आत्याही प्रेमानेच भरवत होती,” मी म्हणाले. काकूंना आत्या कोण हे कळलं नाही. सासूबाईंना कळलं. त्यांनी पुढे होऊन तो दुसरा तुकडा स्वतःच्या हाताने उचलला आणि काकूंच्या ताटलीत ठेवला. “घ्या. प्रेमाने देतेय. संपवूनच उठायचं.”

बाई वहीवर पेन टेकवून बसल्या होत्या. भिंगरी खुर्चीवरून उतरून त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या ताटलीच्या डोंगराकडे बघत म्हणाली, “बाई, तुम्ही तुमच्या पोटाला विचारलंत?”

बाईंनी वही मिटली. मग अगदी हळू, कुणी पाहत नाही ना अशा रीतीने, आपल्या पोटावर हात ठेवला. “विचारायची सोय कुठे आहे गं,” त्या म्हणाल्या. “या सुट्टीतलं हे माझं तिसरं घर आहे.” त्यांनी ताटली खाली ठेवली आणि इतका लांब सुस्कारा सोडला की मला एकदम त्यांना आडवं व्हायला उशी द्यावीशी वाटली. जाताना त्यांनी विचारलं, ती मनुकेची पद्धत शाळेत सांगाल का. मी म्हणाले, सांगेन, पण डबे तपासायच्या आधी बसमध्ये चौकशी करायची, ही माझी अट.

सगळे गेले. माझी भूक मला तेव्हा पहिल्यांदा आठवली. सकाळपासून मी सगळ्यांना वाढत होते आणि माझ्या पोटाला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. समोर ताटल्यांमधून उरलेलं पडलं होतं. अर्धा बटाटा, चिवडलेला भात, काकूंनी न संपवलेला तो तुकडा. सवयीने हात तिकडे गेला. मी तो परत घेतला. सगळं उरलेलं झाकणवाल्या कचरापेटीत टाकलं. मग सुरी धुतली आणि चॉकलेटच्या केकमधून, ज्याला अजून कुणी हात लावला नव्हता अशा बाजूने, माझ्यासाठी एक तुकडा कापला. चांगला जाड. लहान ताटलीत घेतला आणि खुर्चीवर बसले. बसून खाल्ल्याला किती दिवस झाले होते!

पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला, आणि दाराची बेल वाजली.

सासूबाईंनी दार उघडलं. काकूंचा आवाज आला. “नाही, म्हटलं तिने काहीच खाल्लं नाही दिवसभर. थोडं हे आणलंय तिच्यासाठी. बोलवा ना तिला.”

मी जागची हलले नाही. चॉकलेट जिभेवर विरघळत होतं आणि त्याच्यामागून थोडा कडवटपणा येत होता, तो मला आवडला.

“ती जेवतेय,” सासूबाई म्हणाल्या. “तिला वेळ लागेल. नंतर या.” आणि त्यांनी दार लावून घेतलं.